पेवात जागा हवी

मोरगावच्या मयूरेश्वराचे दर्शन घेऊन निघालेला प्रवासी वाट थोडी वाकडी करून लोणी भापकरास गेला, तर मल्लिकार्जुनाचे प्राचीन मंदिर, त्यालगतची घडीव दगडांची पुष्करणी, अंगभर कोरीव मूर्ती धारण केलेला पाषाणाचा यज्ञवराह आणि गावातील वीरगळ एवढा ऐवज त्याच्या दृष्टीस पडतो. आणि अवर्षणाने वारंवार गांजलेल्या या जिराईत टापूत एवढे शिल्पवैभव कोणत्या काळी, कोणाच्या आश्रयाने उभे राहिले असेल, या विचारात तो काही वेळ पुष्करणीच्या पायरीवर बसून राहतो. मीही त्या पायऱ्यांवर अनेकदा बसलो आहे. परंतु आहार आणि व्यायाम यांची सांगड कशी घालावी, हा जो विषय मला आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे, त्यासाठी त्या पुष्करणीपेक्षा जमिनीतल्या दुसऱ्या एका पोकळीची आठवण मला अधिक उपयोगी पडते. ती पोकळी म्हणजे पेव.

ज्यांनी पेव पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पाणी न धरणाऱ्या टणक मुरमाच्या जागी, तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढा अरुंद आणि पोटात रांजणासारखा फुगत गेलेला खड्डा खणावयाचा, त्याला आतून कडब्याचे अस्तर द्यावयाचे, सुगीची ज्वारी त्यात ओतावयाची आणि तोंडावर दगड बसवून माती लिंपावयाची, असा या मुलखातला जुना दस्तूर होता. पेव उघडले म्हणजे कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी आत उतरत नसे, आणि पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला जो एक उग्र, आंबूस वास येई तो ज्याने एकदा घेतला तो जन्मभर विसरत नाही. मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की पेव कितीही मोठे असले तरी त्याला माप असते. जुने धान्य उपसल्यावाचून नवे त्यात मावत नाही. आणि पेव काठोकाठ असता खळ्यावरची रास घरी आली, तर ते धान्य ओसरीत, माजघरात, गोठ्यात, जागा मिळेल तेथे पडते, तेथे त्याला ओल लागते, उंदीर लागतात आणि जे सुबत्तेचे चिन्ह ते घराची नासाडी करू लागते.

आपल्या देहात हुबेहूब अशीच व्यवस्था आहे. भाकरी, भात, पोळी, गूळ, जे काही पिष्टमय वा गोड आपण खातो त्याची अखेर साखर होऊन ती रक्तात उतरते, आणि रक्तातून ती उचलून साठवून ठेवण्याचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू. मांड्या, पोटऱ्या, नितंब, पाठ, दंड यांत मिळून साधारण प्रकृतीच्या प्रौढ माणसाच्या अंगी सुमारे ४०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम एवढीच साखर साठू शकते. ज्याने दिवसभर पायांना आणि हातांना काम दिले, त्याचे पेव सायंकाळी रिते असते आणि रात्रीची भाकरी निमूटपणे त्यात जाऊन पडते. ज्याचे पेव सकाळपासून भरलेलेच आहे, त्याच्या रात्रीच्या भाकरीने जावे कोठे? ती काही काळ रक्तात रेंगाळते, मग चरबीचे रूप घेऊन पोटाच्या आतल्या भागी आणि यकृतात जाऊन बसते, आणि वर्षानुवर्षे असे चालले म्हणजे मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार हे तिन्ही पाहुणे एकाच दाराने घरात येतात. आहार एका वैद्याला विचारावा आणि व्यायाम दुसऱ्या वस्तादाला, असे हे दोन वेगळे विषय नव्हेत. पेवात काय ओतावे आणि पेव कसे उपसावे, हा एकच प्रश्न आहे.

आमच्या वाडवडिलांना हा प्रश्न पडला नाही, याचे कारण त्यांचे शहाणपण नव्हे, त्यांची परिस्थिती. मोट हाकणे, औत धरणे, खळ्यावर मळणी करणे, डोक्यावरून पाणी आणणे, पहाटे जात्यावर दळणे या कष्टांनी पेव रोजच्या रोज तळापर्यंत उपसले जाई आणि ओतावयाला मात्र पुरेसे धान्य क्वचितच असे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेली माणसे आजही या गावांतून भेटतात. त्यांच्यापुढे जाऊन जुना काळ आरोग्याचा होता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. उपासमारीला मी आरोग्य म्हणत नाही, आणि कोणी म्हणूही नये.

पुढे मात्र पालट झाला. ब्रिटिश अमदानीत काढलेल्या नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूर तालुक्यांचा एक पट्टा आधीच बागाईत केला होता. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांनी त्या पट्ट्यात पैसा आणला. आणि लोणी भापकर, मुर्टी, पळशी यांसारख्या जिराईत गावांतही विहिरी, बोअर, शेततळी, ठिबक आणि दुधाचा धंदा यांच्या जोरावर पूर्वीपेक्षा बरे दिवस आले. नांगरट ट्रॅक्टर करतो, मळणी यंत्र करते, विहिरीवरची मोटर घरबसल्या मोबाइलने चालू होते, दळण गिरणीत जाते आणि अर्ध्या मैलावरच्या रानात जावयाचे तर अंगणातच गाडीला किक मारली जाते. हे सर्व चांगलेच झाले. कष्टाचा जाच कमी झाला याचे दुःख करण्याचे कारण नाही. अडचण आहे ती एवढीच, की अंगमेहनत जेवढ्या वेगाने उतरली त्या वेगाने ताट उतरले नाही; उलट त्यात दोन वेळच्या भाकरीशिवाय सकाळचे बटर-टोस्ट, दुपारचा वडापाव, दिवसभराचा चहा आणि सायंकाळचे फरसाण यांची भर पडली.

तालमीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ही गोष्ट मी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. ऐन उमेदीत रोज हजाराच्या घरात बैठका मारणारा, दूध, तूप, बदामाचा खुराक पचवणारा आणि जत्रेच्या फडात नारळावरच्या कुस्त्या जिंकणारा गडी चाळिशीत पाहावा. तालीम सुटलेली असते, खुराक सुटलेला नसतो. माझ्या परिचयातील असा एक मल्ल, ज्याच्या मानेवर एके काळी दोन पोरे लोंबकळत, तो पंचेचाळिसाव्या वर्षी देवळाच्या चार पायऱ्या चढून दम खात उभा राहिलेला मी पाहिला, आणि त्याच्या हातातली औषधाची चिठ्ठी वाचताना मला फार वाईट वाटले. तो काही व्यसनी नव्हता, आळशी तर मुळीच नव्हता. ओतण्याचे माप विशीतले राहिले आणि उपसण्याचे माप सुटले, एवढाच त्याचा कसूर.

येथे पुष्कळ वाचक मनात म्हणतील, की आमचे काय, आम्ही तर सडपातळ आहोत. त्यांनी पुढचा मजकूर विशेष लक्षपूर्वक वाचावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून याच पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची अपत्ये यांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडातील बालकांपेक्षा पाऊण किलोच्या आसपास कमी. परंतु ती बालके वजनाने उणी असली तरी चरबीने तेवढी उणी नव्हती. उणे होते ते मुख्यतः स्नायू आणि पोटातील इंद्रिये. म्हणजे आपल्यापैकी अनेकांचे पेव जन्मतःच लहान खणलेले असते. याच याज्ञिकांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण मोजणीत युडकिन यांच्या अंगी ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावत असत, हेही तेथे नमूद केलेले आहे. तेव्हा वजनकाट्याने दिलेल्या दाखल्यावर विसंबून राहू नये. भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर असल्याचा जो अंदाज निघाला, त्यांत दिसावयास सडपातळ असलेली माणसे थोडी नाहीत.

वजनकाट्यापेक्षा भरवशाचे साधन प्रत्येक घरी आहे. एक सुतळी घ्या. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा आणि घरातल्या कोणाकडून तरी टाचेपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत सुतळी मोजून तोडून घ्या. ती मधोमध दुमडा. आता श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता, ती दुमडलेली सुतळी बेंबीच्या अंगाने कमरेभोवती फिरवून पाहा. टोके एकमेकांना भेटली तर ठीक. भेटली नाहीत, तर मधले जेवढे अंतर उघडे राहिले तेवढे धान्य पेवाबाहेर पडलेले आहे असे समजावे. शिंप्याची टेप असल्यास पुरुषांनी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटर ही कमरेची हद्द मानावी. हे मोजमाप गावच्या एखाद्या कार्यक्रमात दहा-वीस जणांनी मिळून करून पाहावे. बारीक अंगाच्या, पण पोट सुटलेल्या माणसांची सुतळी अपुरी पडते तेव्हा त्यांच्या मुद्रेवर जो विचार उमटतो तो शंभर व्याख्यानांनी उमटत नाही.

आता ओतण्याविषयी. या बाबतीत आमच्या भागाला परमुलखातून काही उसने आणावे लागत नाही. थंडीत बाजरी आणि एरवी ज्वारी, तोंडी लावावयास हुलगे, मटकी, चवळी, तूर यांपैकी एखादे कडधान्य, एक पालेभाजी, जवसाची किंवा कारळ्याची चटणी, कांदा, लिंबाची फोड आणि ताकाचा पेला, हे ताट ज्याने मुक्रर केले असेल त्या अज्ञात गृहिणीला मी मनोमन नमस्कार करतो. बाजरीत लोह मुबलक आहे, पण ते अंगी लागावयास आंबट रसाची सोबत लागते, आणि ती लिंबाच्या फोडीने मिळते. धान्यातल्या प्रथिनांत जे उणे असते ते कडधान्य भरून काढते आणि कडधान्यात जे उणे ते धान्य. हुलगा हा आमच्याकडे गरिबाचा म्हणून हेटाळला गेला, आता तर तो अनेक घरांतून नाहीसाच झाला. पण शंभर ग्रॅम हुलग्यांत वीस ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात, आणि हुलग्याचे माडगे ज्या आजीच्या हातचे एकदा प्यालो त्या आजीची मला प्रत्येक हिवाळ्यात आठवण येते.

बिघडले आहे ते पदार्थांचे प्रमाण. पूर्वी कालवणाला लागणारे कडधान्य महाग, म्हणून वाटीभर कालवणात तीन भाकरी कुस्करण्याची सवय लागली. ती सवय आता कारण नसता चालू आहे. माझी सूचना अशी, की ताट वाढताना आधी भाजी आणि उसळ वाढावी, ताटाचा अर्धा भाग त्यांना द्यावा, भाकरी शेवटी ठेवावी, आणि जेवतानाही पहिले काही घास भाजी, कोशिंबीर, उसळ यांचे घ्यावे. त्याने भाकरीची साखर रक्तात धिम्या गतीने उतरते आणि तिसऱ्या भाकरीकडे हात सहसा जात नाही. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात. दोनशे ग्रॅम बाजरी-ज्वारीचे पीठ, पन्नास ग्रॅम कडधान्य, पावशेर दूध किंवा त्याचे दही आणि मूठभर शेंगदाणे यांत ती जवळजवळ पुरी होतात. अंडे किंवा मासळी-मटण खाणाऱ्यांना तर काहीच अडचण नाही. प्रथिनांचा एवढा आग्रह धरण्याचे कारण असे, की पेवाच्या भिंती प्रथिनांच्याच बनलेल्या आहेत.

भाज्या आणि फळे मिळून माणशी दिवसाला ४०० ग्रॅम, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. चार माणसांच्या घराला रोज दीड किलोच्या वर भाज्या-फळे, हे ऐकून आठवडेबाजाराच्या पिशवीकडे पाहावे म्हणजे आपण किती मागे आहोत ते कळते. पावसाळ्यात बांधावर आपोआप उगवणारी घोळ, तांदुळजा, पाथरी, चिघळ या भाज्या फुकटच्या आहेत. पण तणनाशकाची फवारणी जेथे झाली आहे तेथला पाला मात्र कदापि तोडू नये. आणि तणनाशकाने बांध मोकळे करताना आपण शेजारच्या गरिबाच्या ताटातली भाजीही मारतो आहोत, एवढा विचार फवारणीपूर्वी प्रत्येकाने करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चहाविषयी लिहिणे मला टाळता येत नाही, कारण या साखरेच्या मुलखात पाहुण्याला कमी साखरेचा चहा देणे म्हणजे त्याचा अवमान समजतात. एका कपात दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम साखर, आणि दिवसात पाच घरी पाच कप झाले म्हणजे पन्नास ग्रॅम. प्रौढाने वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवणे उत्तम आणि पन्नास ही कमाल मर्यादा, तीही दिवसभरातल्या सर्व गोडधोडासह. तेव्हा साखर निम्मी करावी, कप निम्मे करावेत, आणि जेवणाला लागून चहा मुळीच घेऊ नये, कारण तो बाजरी-पालेभाजीतले लोह अंगी लागू देत नाही. गूळ घातला म्हणजे दोष गेला, ही समजूतही सोडून द्यावी. मिठाचे माप दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा. लोणचे, पापड आणि पुड्यातले फरसाण यांतच ते संपते.

आता एक गोष्ट मी थोड्या तळमळीने लिहिणार आहे. वर ज्या अभ्यासाचा उल्लेख केला, त्यात असेही दिसून आले की ज्या गरोदर स्त्रियांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार येत त्यांची बालके अधिक भरदार निपजली, आणि ज्यांना त्या अवस्थेत शेतातली व घरातली जड कामे फार होती त्यांची बालके लहान राहिली. याचा अर्थ काय? की आहार आणि श्रम यांचे गणित सर्वांना एकाच बाजूने बिघडलेले नाही. घरधन्याचे पेव भरून वाहते आहे आणि खुरपणीला जाणाऱ्या, गुरांचे शेण काढणाऱ्या, सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले कालवण पातेल्याला पुसून खाणाऱ्या घरधनिणीचे पेव उपसून उपसून तळाची माती लागली आहे. देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदले गेले. अशा बाईला पहाटे उठून चालावयास जा असे सांगणे हा अन्याय होईल. तिला हवे आहे ते ताट, लोहाच्या गोळ्या आणि दुपारची अर्ध्या तासाची पाठ टेकणे. म्हणून माझी पहिली व्यवहार्य सूचना घरच्या कर्त्या पुरुषांना आहे: सर्वांनी एकदम जेवावयास बसावे, कालवण आधी समान वाटून घ्यावे, आणि पाण्याचा हंडा, गुरांचे वैरणपाणी व बाजाराची पिशवी यांपैकी निदान एक काम स्वतःकडे घ्यावे. त्यात एकाचे पेव उपसले जाते आणि दुसऱ्याचे भरते; दोघांच्या प्रकृतीला एकाच वेळी उतार पडेल असा याहून सोपा व्यायाम मला ठाऊक नाही.

उपसण्याच्या प्रकारांत पहिला मान चालण्याला. ज्या मुलखातून दरवर्षी तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, बेलवडी, निमगाव केतकी, इंदापूर अशी मजल दरमजल करीत पंढरीस जाते, आणि साठी ओलांडलेल्या वारकरी बाया डोक्यावर तुळस घेऊन दिवसाला पाच-सहा कोस सहज तोडतात, त्या मुलखाला चालण्याचे माहात्म्य मी काय सांगावे! मात्र वारी वर्षातून एकदा येते आणि पेव रोज भरते. आठवड्यास १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा चालीने चालावे, हे माप जगभर मान्य झालेले आहे. जवळच्या रानात जाताना गाडी घरी ठेवली तर त्यातले बरेचसे फुकट पदरात पडते. त्याहून महत्त्वाची आमची जुनी शतपावली. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे अंगणात वा गल्लीत सावकाश फिरले, तर नुकतीच रक्तात उतरू लागलेली साखर पायांचे स्नायू परस्पर उचलून घेतात; ओतणे आणि उपसणे हातात हात घालून चालते. रात्रीचे जेवण आठाच्या आत आटोपून, मोबाइल घरात ठेवून, नवराबायकोने मिळून शतपावलीस निघावे. दिवसभरात जे बोलावयाचे राहून गेले तेही त्या वेळी बोलून होते.

चालण्याने पेव उपसले जाते, पण मोठे होत नाही. त्यासाठी स्नायूंवर भार घालावा लागतो. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झडू लागतात, म्हणून आठवड्यातून निदान दोन दिवस जोर-बैठका किंवा सूर्यनमस्कार घालावेत. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी नमस्कारांचा हा व्यायाम स्वतः आयुष्यभर केला, रयतेला शिकवला आणि संस्थानातील शाळाशाळांतून रुजवला. राजाने प्रजेकडून घेतलेला याहून हितकर सारा मला माहीत नाही. सुरुवात पाच बैठकांनी करावी, दर आठवड्यास दोन वाढवाव्यात. ज्यांचे गुडघे धरलेले आहेत त्यांनी खाटेच्या काठावर बसून, हाताचा आधार न घेता उठावे आणि सावकाश बसावे, असे दहा वेळा. म्हाताऱ्या माणसाला परसाकडे स्वतःच्या पायांनी जाता येणे हे ज्या मांड्यांवर अवलंबून असते त्या मांड्या याच व्यायामाने टिकतात. आणि जो खरोखरच दिवसभर रानात राबतो त्याने वेगळा व्यायाम करण्याची गरज नाही. वाकून आखडलेली पाठ उलट्या बाजूने ताणणे, आडवे पडून पाय भिंतीला लावणे आणि पुरेशी झोप, एवढे त्याला पुरे.

काही बाबतींत हयगय करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये, खिशात गुळाचा खडा ठेवावा, आणि घाम सुटून हातपाय कापू लागले तर तो लगेच खावा. औषधाचे प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून कमी करू नये. त्यांनी अनवाणी चालू नये आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. चालताना छातीत दाटून आले, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर अपचन म्हणून सोडा पिऊन वेळ दवडू नये, तात्काळ दवाखाना गाठावा. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी.

लग्नसराई, जत्रा, श्रावणातले उपवास या दिवसांचे काय, असे मला नेहमी विचारतात. चैत्रात जत्रेला पुरणपोळी खाऊ नये असे सांगणारा आरोग्यशास्त्री आमच्या गावात टिकणार नाही, आणि टिकूही नये. त्या दिवशी पोळी खावी, पालखीपुढे पोटभर नाचावे, दुसऱ्या दिवशी ताक-भाकरीवर राहावे. उपवासाला साबुदाण्याच्या खिचडीऐवजी राजगिरा, भगर आणि शेंगदाण्याची आमटी घ्यावी, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. पोरांच्या हाती शाळेच्या मधल्या सुट्टीत पाच रुपयांच्या पुड्याऐवजी शेंगदाण्याचा लाडू जावा आणि सायंकाळी तासभर त्यांना खो-खो, कबड्डी, लगोरीला मोकळे सोडावे.

राहिली ती सुतळी. ती फेकून देऊ नका. दुमड उलगडून ती कमरेभोवती एकेरी फिरवा, आज जेथे वेढा पुरा होतो तेथे एक गाठ मारा आणि माजघरात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवा. घरातल्या प्रत्येकाची सुतळी वेगळी, म्हणून टोकाला वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधावा. दर पौर्णिमेस ती उतरवून पुन्हा मोजावे आणि नवी गाठ मारावी. पहिल्या महिन्यात दोन्ही गाठी एकमेकींना चिकटून बसतील, त्याने खचून जाऊ नये, कारण पेवाबाहेरचे धान्य वर्षानुवर्षे साठलेले असते. तिसऱ्या-चौथ्या पौर्णिमेला दोन गाठींच्या मध्ये बोटभर जागा दिसू लागते.